पुण्यतिथीचं गाणं

आमच्या गायनवर्गाचा वर्षातून एकच मोठा कार्यक्रम असायचा, पुण्यतिथी. कुणाची, असं विचारणारा हमखास नवीन असायचा. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत गेले ते २१ ऑगस्ट १९३१ रोजी. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलं बसवणाऱ्या लहानमोठ्या वर्गांतून हा दिवस पाळायची रीत जुनी आहे. आम्हाला शाळेचा हॉल रविवारीच मिळायचा, त्यामुळे आमची पुण्यतिथी २१ तारखेच्या अलीकडे-पलीकडे सरकत राहायची. बाहेर श्रावणातली सर, पायऱ्यांवर छत्र्यांचा ढीग, आत जाजमं अंथरलेली आणि बुवांच्या तसबिरीला सोनटक्क्याचा हार. त्या हाराचा वास हॉलभर सुटायचा.

इतर वर्गांत मुलं ओळीने येऊन आपापला राग म्हणून जायची. आमच्या बाईंचा मात्र एक नियम होता आणि त्यापायी अर्धा वर्ग धास्तावलेला असायचा. आषाढी झाली की एका संध्याकाळी बाई पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या घालून डबा फिरवायच्या. प्रत्येक चिठ्ठीवर एका गायकाचं, वादकाचं किंवा रचनाकाराचं नाव. जे निघेल त्या माणसाबद्दल स्टेजवर चार-पाच मिनिटं बोलायचं आणि मगच गायला बसायचं. हातात कागद घ्यायचा नाही. जन्म-मृत्यूच्या तारखा सांगून मोकळं व्हायचं नाही. ‘तारखा आपण फळ्यावर लिहू. तू मला सांग, ते कुणाकडे शिकले आणि त्यासाठी त्यांनी काय काय केलं,’ असं बाई म्हणायच्या. शेवटचं वाक्यही ठरलेलं: आता मी जे गाणार आहे, ते माझ्यापर्यंत कुणाकुणाकडून आलं.

आम्हाला गायला आवडायचं, बोलायला नाही. गंमत अशी की त्या पुण्यतिथ्यांमधलं गाणं मला आता फारसं आठवत नाही. कुणाचा भूप छान झाला, कुणाची तान समेवर न येता भलतीकडेच उतरली, सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. बोलणी मात्र जशीच्या तशी आठवतात.

खुद्द विष्णु दिगंबरांची चिठ्ठी डब्यात नसायची. त्यांच्यावर बोलायचा मान वर्गातल्या सगळ्यात जुन्या विद्यार्थ्याचा. त्यामुळे ती गोष्ट आम्ही दरवर्षी ऐकली, पण दरवर्षी वेगळ्या तोंडून. कुरुंदवाडचा कीर्तनकाराचा मुलगा, लहानपणी दारूकाम अंगावर उडून डोळे अधू झाले. शाळेचं शिक्षण थांबलं म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवला. बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे गायक. पुढे एका समारंभाचं आमंत्रण विष्णूला आलं आणि त्याच्या गुरूंना आलं नाही. का, तर ते ‘गवई’. ही हकीकत सांगताना प्रत्येक विद्यार्थ्याचा आवाज थोडा चढायचा. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली, ती गवयाला समाजात मान मिळवून द्यायचा हे मनाशी धरूनच. ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभं राहिलं. ते राजाच्या पदरी राहून नाही, लोकांच्या वर्गणीतून आणि जलशांच्या मिळकतीतून. मग मुंबई, मग स्वतःची इमारत, त्या इमारतीवरचं कर्ज आणि शेवटी त्या कर्जापायी इमारतीचा लिलाव. पुढे बुवा नाशिकला रामनामात रमले.

एका वर्षी एका ताईने इथेच थांबून सांगितलं की इमारत गेली तरी माणसं राहिली: ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. आणि स्वतःचा मुलगा दत्तात्रेय, म्हणजे डी. व्ही. पलुसकर, वडील गेले तेव्हा अवघा दहा वर्षांचा. तो ज्यांच्याकडे शिकला ते वडिलांचेच शिष्य. वडिलांनी उधार दिलेलं गाणं मुलाला व्याजासकट परत मिळालं, असं ती म्हणाली होती. बाईंनी मान डोलावलेली मी पाहिली. डी. व्हीं.चं ‘ठुमक चलत रामचंद्र’ आमच्याकडे कुणी ना कुणी म्हणायचंच. ते १९५५ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेले, हे ऐकून पहिल्या रांगेतल्या आज्या दरवर्षी नव्याने हळहळायच्या.

पहिल्या दोन-तीन गाण्यांच्या आधी बराच वेळ तंबोरे लावण्यात जायचा, आणि खरं सांगायचं तर मला तोच भाग सगळ्यात प्रिय होता. वर्गाचे दोन तंबोरे, दोन्ही मिरजेचे. तिथल्या कारागिरांचे भोपळे पंढरपूरच्या बाजूचे असतात, हे आम्हाला बाईंनीच सांगितलं होतं. पावसाळी हवेत खुंट्या फुगून आवळून बसायच्या नाहीतर एकदम सुटायच्या. बाई आधी मधली जोडाची तार लावायच्या, मग पंचम, मग खर्ज. मालकंस असेल तर पंचमाची तार मध्यमावर उतरवायची, कारण त्या रागात पंचमच नाही. मग खाली भोपळ्याजवळचे मणी केसभर सरकवायचे. सगळ्यात शेवटी जवारीचा धागा. घोडी आणि तार यांच्यामध्ये ते बारीक सूत असतं. ते जरासं पुढे-मागे झालं की मुका वाटणारा तंबोरा एकाएकी भरून बोलायला लागतो. बाई डोळे मिटून धागा सरकवायच्या, तोवर हॉलमध्ये बोलायची कुणाची बिशाद नव्हती. आता इलेक्ट्रॉनिक तानपुरा बटण दाबलं की सुरू होतो. सोयीचा आहे, मीही वापरते. पण तो लागायची वाट बघत बसण्यात जी तयारी व्हायची, ती आता वेगळी करावी लागते.

विष्णु नारायण भातखंड्यांची चिठ्ठी कुणालाच नको असायची. वकील, पुस्तकं, रागांची वर्गवारी करणारे दहा थाट: यात गोष्ट कुठे आहे? परीक्षेत ‘पलुसकर आणि भातखंडे स्वरलिपींची तुलना करा’ हा प्रश्न हटकून यायचा, त्यामुळे त्यांच्याबद्दल आमच्या मनात थोडा रागच होता. एकदा ती चिठ्ठी आमच्या वर्गातल्या अबोल मुलाला निघाली आणि त्याने सगळं चित्र पालटवलं. गोकुळाष्टमीला जन्म, १८६० साली, आणि गणेश चतुर्थीला मृत्यू, १९३६ साली. पत्नी आणि मुलगी दोघीही गेल्यावर वकिली सोडून हा माणूस देशभर फिरला, संस्थानांमधले ग्रंथ चाळले, उस्तादांच्या दारात बसला, घराण्यांत कुलपात ठेवलेल्या चिजा, म्हणजे बंदिशी, मागून मागून घेतल्या आणि स्वरलिपीसह छापून टाकल्या. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग. रागाची ओळख सांगणारी लक्षणगीतं लिहिली तीही ‘चतुर’ या टोपणनावाने. १९१६ मध्ये बडोद्याला संगीत परिषद भरवली, १९२६ मध्ये लखनौला कॉलेज. तो मुलगा म्हणाला, ‘पलुसकरांनी गाणाऱ्याला घराबाहेर काढलं, भातखंड्यांनी चिजेला.’ हे त्याचं स्वतःचं वाक्य होतं की वडिलांनी लिहून दिलेलं, यावर आम्ही पुढे कितीतरी दिवस वाद घातला. दोघांचं नाव विष्णू, दोघेही महाराष्ट्राचे, दोघांचंही काम शिकवण्याचं, आणि तरी वाटा अगदी वेगळ्या. स्वरलिपीच्या बाबतीत भातखंडे जिंकले असं माझं मत आहे. पलुसकरांची लिपी जास्त बारकाव्याची, पण लिहिताना बोटं मोडतात. बाईंना हे मत मुळीच मान्य नव्हतं.

दंतकथांवर बाईंची बंदी होती. तानसेनाने दीपक गाऊन दिवे पेटवले वगैरे स्टेजवर चालायचं नाही. त्या कथांचा साठा पेटीवाल्या काकांकडे होता आणि तो मागच्या खोलीत, चहाच्या वेळी, उघडायचा. काकांना स्वतःची एक चिठ्ठी हवी असायची: गोविंदराव टेंबे. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाचं संगीत त्यांचं, आणि पेटीला एकट्याने मैफल गाजवता येते हे दाखवणारेही तेच. काका सांगायचे आणि सांगताना त्यांच्या मिशा थरथरायच्या, की १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. पेटीचे सूर ठरलेले, दोन सुरांमधली मींड तिच्यात येत नाही, हा आक्षेप. ‘आणि तुम्ही सगळे कशावर शिकलात?’ असं ते आमच्याकडे बघून विचारायचे. उत्तर द्यायची सोय नव्हती.

टेंबे ज्यांना गुरू मानत ते भास्करबुवा बखले. त्यांच्यावर बोलायला मिळालं तर नशीब, कारण त्या माणसाच्या आयुष्यात नाटकच नाटक. लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत गाणारा पोर, आवाज फुटला आणि नाटकातलं स्थान गेलं. मग बडोद्याला फैज महंमद खाँ, पुढे आग्र्याचे नत्थन खाँ, नंतर अल्लादिया खाँ. तीन तऱ्हेची गायकी एका गळ्यात. आपलं घराणं सोडून दुसऱ्याचं ऐकायचंसुद्धा नाही अशा काळात हे त्यांनी केलं आणि कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत, उलट ‘देवगंधर्व’ म्हटलं. १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज काढला, १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ला संगीत दिलं. ‘नाथ हा माझा’ गाणारी आमच्याकडे दरवर्षी एक तरी निघायची. त्या वेळी बाई मुद्दाम थांबवून विचारायच्या, ‘यातला यमन कुठे दिसला?’ नाट्यगीत म्हणजे काहीतरी हलकं, असा आमच्यातल्या विशारद परीक्षेवाल्यांचा जो तोरा होता, तो त्या एका प्रश्नाने उतरायचा. बुवा १९२२ मध्ये गेले, जेमतेम बावन्न वर्षांचे. मास्टर कृष्णराव त्यांचेच शिष्य, बालगंधर्वही त्यांनाच गुरू मानत.

जयपूर घराण्यावाल्यांची पाळी आली की हॉल भरायचा. आमच्याकडे कोल्हापूरची बरीच मंडळी, आणि अल्लादिया खाँसाहेब म्हणजे त्यांचे घरचेच. शाहू महाराजांच्या दरबारचे गायक. तरुणपणी दिवसरात्र गाऊन आवाज बसला, तो पहिल्यासारखा परत आलाच नाही, तेव्हा त्या उरलेल्या आवाजाला साजेल अशी नवी वळणं त्यांनी शोधली. आज जिला आपण जयपूर-अत्रौली गायकी म्हणतो, तिची ती पेचदार, श्वास संपेपर्यंत न तुटणारी लड या अडचणीतून घडली, असं बाई सांगायच्या.

त्यांच्या दोन शिष्या, दोघीही गोव्याच्या. केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या. केसरबाईंवर बोलणाऱ्याला टाळ्या ठरलेल्या. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरच्या संगीताची जी सोन्याची तबकडी पाठवली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. दुसरं यान सुटलं त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या, हे ऐकून टाळ्या थोड्या उशिराने पडायच्या. मला मात्र मोगूबाईंची चिठ्ठी जास्त आवडायची. त्या लहानपणी नाटक कंपनीत, आई लवकर गेलेली. सांगलीला असताना त्या घरात मेहनत करत बसायच्या. औषधोपचारासाठी तिथे आलेले अल्लादिया खाँ रस्त्याने जाता-येता ते ऐकायचे. एक दिवस आत आले आणि शिकवायला लागले. समोर बसलेले गृहस्थ कोण, हे त्या मुलीला ठाऊकच नव्हतं. त्यांची कुर्डी पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावाचे अवशेष वर येतात आणि जुने गावकरी देवदर्शनाला जमतात. हे सगळं एका चिमुरडीने, फ्रॉकच्या झालरीशी चाळा करत, सांगितलं आणि लगेच बसून मोजून दहा मिनिटं भूप गायली. गायिका किशोरीताई आमोणकर मोगूबाईंची मुलगी, हे सांगायचं ती विसरली. मागून कुणीतरी ओरडलं आणि अख्खा हॉल हसला.

मिरज आम्हाला एसटीने जवळ. त्यामुळे अब्दुल करीम खाँसाहेबांची गोष्ट नुसती ऐकून भागायचं नाही, मोठ्या मुलांना बाई ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यातल्या उरुसाच्या गाण्याला घेऊन जायच्या. खाँसाहेबांची कबर त्याच आवारात आहे. कैराण्यात जन्म, १८७२. मृत्यू २७ ऑक्टोबर १९३७, मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनवर. पाँडिचेरीला निघाले होते, गाडीत बरं वाटेना म्हणून उतरले. फलाटावर बिछाना घालून शेवटची प्रार्थना दरबारीच्या सुरात म्हटली, असं सांगतात. ही दंतकथा आहे की नाही यावर बाईंनी कधी निकाल दिला नाही, आणि काकांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

दर्ग्यात कलावंत येतात, गातात, जातात. बिदागीची भाषा नाही, हजेरीची. एका उरुसाच्या रात्री परतताना बसस्टँडवर बाईंनी आम्हाला विचारलं होतं, ‘खाँसाहेबांनी त्यागराजांची कृती रेकॉर्ड केली आहे, कुणाला माहीत आहे?’ कुणालाच नव्हतं. ‘राम नी समानमेवरु’, राग खरहरप्रिया. म्हैसूर दरबारात जाता-येता त्यांनी दाक्षिणात्य संगीत नुसतं ऐकलं नव्हतं, शिकलेही होते. तेलुगूत लिहिणारा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला रामभक्त आणि उत्तर प्रदेशातून आलेला मुसलमान गवई, आणि ती कृती ऐकायला मिरजेच्या बसस्टँडवरची आमची टोळी. पुढच्या पुण्यतिथीच्या डब्यात त्यागराजांची चिठ्ठी पडली. ती मला निघाली. तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीशी दरवर्षी आराधना होते, सगळे गायक एकत्र बसून नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतल्या पंचरत्न कृती म्हणतात. पण ती समाधी नीट बांधून काढली बंगळूर नागरत्नम्मांनी, स्वतःची कमाई ओतून, आणि सुरुवातीला त्यांनाच तिथे गायला मिळेना, बाई म्हणून. त्यांनी वेगळी आराधना मांडली. पुढे पंक्ती एक झाल्या. हे सांगून झाल्यावर मी काफी गायले, खरहरप्रियेच्या सर्वांत जवळचा म्हणून. ‘कुणाकडून आलं’ या वाक्याला मात्र माझी चांगलीच पंचाईत झाली होती.

खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे भीमसेन जोशी. ही साखळी आमच्यातल्या पोरांना तोंडपाठ होती, कारण तिच्यात घरातून पळून जाणं होतं. गदगचा अकरा वर्षांचा मुलगा खाँसाहेबांची ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ऐकतो आणि १९३३ मध्ये गुरूच्या शोधात बिनतिकीट आगगाडीने निघतो. ग्वाल्हेर, कुठे कुठे, थेट जालंधर. तिथे विनायकराव पटवर्धन भेटतात आणि सांगतात, अरे, तुझ्या घराजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, इतका लांब कशाला आलास! या वाक्याला हशा पिकायचाच. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या स्मरणाचा महोत्सव सुरू झाला. आम्ही डिसेंबरात घोंगड्या-चादरी घेऊन रमणबागेत जायचो तेव्हा ते गाणं पहाटेपर्यंत चालायचं. ललित आणि भटियार त्यांच्या वेळेला ऐकले, ते तिथेच. ध्वनिक्षेपकाच्या वेळेचे नियम आले आणि रात्रभराची मैफल गेली. नियम योग्य आहे, मैदानाशेजारी राहणाऱ्यांना झोप हवीच. पण उत्तररात्रीचे राग आता भरदुपारी रेकॉर्डवर ऐकावे लागतात, याचं वाईट वाटतं ते वाटतंच. सांगता सवाई गंधर्वांच्या रेकॉर्डवरच्या भैरवीने, ‘बिन देखे पडे नाही चैन’. ती वाजताना कुणी चादर झटकायला लागलं की आजूबाजूचे डोळे वटारायचे.

आमच्या पुण्यतिथीचा शेवट एवढा भारदस्त नव्हता. सामुदायिक ‘रघुपति राघव’, त्याला विष्णु दिगंबरांची चाल, मग ‘वंदे मातरम्’. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये आक्षेप घेतला गेला तरी बुवांनी ते पूर्ण म्हटलं होतं, हेही कुणीतरी दरवर्षी सांगायचंच. मग जायफळ घातलेली कॉफी. तेवढ्यात एखाद्या लहान मुलाची झोप, एखाद्याची चप्पल हरवलेली, काका पेटीला खोळ घालताना कुणाला हात लावू देत नसत.

बाई आता गात नाहीत, पण वर्ग त्यांच्या सुनेने चालू ठेवला आहे आणि डबाही तोच आहे. गेल्या आषाढात मी चिठ्ठ्या लिहायला बसले होते. तबल्याचे सर म्हणाले, इतकी वर्षं तुम्ही तबलावाल्यांची नावं घालतच नाही. अहमदजान थिरकवा बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत वाजवत होते हे किती जणांना माहीत आहे? त्यांचं बरोबर होतं. चिठ्ठी वाढली. मग एका मुलीने अन्नपूर्णादेवींचं नाव सुचवलं. त्यावर, त्यांच्यावर बोलल्यानंतर गाणार काय, सुरबहार वाजवणारं आपल्याकडे कोण आहे, असा मुद्दा निघाला. कुमार गंधर्व घ्यायचे तर माळव्याची लोकगीतं घ्यायची की राग, यावरही दोन तट पडले. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, की भातखंड्यांची चिठ्ठी घातलीत की नाही, आणि कुणी दुमडून बाजूला तर ठेवली नाहीत ना.